फालुनच्या खाणीतला नवरदेव

रेवतीची कथा आपल्या घरांतून फारशी सांगितली जात नाही, याचे मला नेहमीच नवल वाटत आले आहे. कुशस्थलीचा राजा ककुद्मी आपल्या लेकीला घेऊन ब्रह्मलोकी गेला. हिला योग्य वर कोण, एवढेच त्याला विचारायचे होते. तेथे गंधर्वांचे गायन चालले होते. राजा अदबीने थांबला. गाणे संपल्यावर त्याने मनातल्या वरांची नावे सांगितली, तेव्हा ब्रह्मदेव हसले. तेवढ्या वेळात पृथ्वीवर २७ चतुर्युगे उलटून गेली होती. त्या वरांची नातवंडे-पतवंडेही उरली नव्हती. अखेर ब्रह्मदेवांच्याच सांगण्यावरून रेवती बलरामाला दिली. परंतु जुन्या युगातली ती मुलगी नव्या युगाच्या मानाने फारच उंच! तेव्हा बलरामाने नांगराच्या टोकाने तिला खाली आणून चारचौघींसारखी केली, असे विष्णुपुराण सांगते. पुराणकाराने ही सारी उलाढाल एका श्लोकात उरकली आहे. रेवतीला काय वाटले, ते विचारायला तो थांबला नाही.

इंग्रज कादंबरीकार वेल्स याने १८९५ साली आपल्या कथेत कालयंत्र रचले. त्याचा प्रवासी मात्र आपल्या खुशीने जातो आणि बहुतेक वेळा आपल्या खुशीने परततो. खरी पंचाईत होते ती रेवतीसारख्यांची. ध्यानीमनी नसता काळ ज्यांना उचलून दुसरीकडे नेऊन ठेवतो, त्यांची. आणि त्यांच्यावर ज्यांचा जीव असतो, त्यांचीही. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक शाळामास्तर. इतिहासातला अधिकार सांगण्याची माझी योग्यता नव्हे. तथापि कादंबऱ्या लिहिण्याच्या नादात असल्या गोष्टी गोळा करण्याची खोड मला लागली आहे. त्यांतली एक आज दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवतो. ती पुराणातली नाही, कादंबरीतली नाही. खरोखर घडलेली आहे.

स्वीडन देशात दालार्ना नावाचा प्रांत आहे. तेथल्या फालुन गावाला लागून तांब्याची एक प्रचंड खाण होती. १२८८ सालच्या एका दस्तात कोणा बिशपने या खाणीतला आठवा हिस्सा परत विकत घेतल्याची नोंद आहे. म्हणजे आपल्याकडे देवगिरीवर रामदेवराव यादव राज्य करीत होता, तेव्हाही ही खाण नवी नव्हती. सतराव्या शतकात तर साऱ्या युरोपच्या तांब्यापैकी मोठा वाटा या एका डोंगरातून निघे. तांबे इतके, की स्वीडनने तांब्याच्या पत्र्यांचीच नाणी पाडली. १६४४ साली निघालेले १० डालरचे नाणे १९ किलोंहून अधिक वजनाचे होते! बाजाराला जाताना पैशांसाठी हातगाडी न्यायची आणि येताना सामान खिशात घालून आणायचे, असाच प्रकार म्हणायचा.

हे वैभव जमिनीच्या वर. खाली निराळेच जग होते. खडकाला लागून लाकडांचे ढीग रचीत आणि ते पेटवून देत. खडक तापून तडकला, म्हणजे मग तो फोडून काढीत. धूर, अंधार आणि गंधकाची घाण. ये-जा करायची ती बैलांच्या कातड्याच्या पिळलेल्या दोरांवरून. (कातडी दोरांना लागत आणि उरलेल्या मांसातून तिकडचा एक प्रसिद्ध खाद्यपदार्थ जन्माला आला; पण दिवाळीच्या दिवसांत ते पुराण नको.) अशा ठिकाणी उतरणाऱ्या माणसाच्या घरी संध्याकाळपर्यंत कोणाचा जीव थाऱ्यावर राहत असेल!

१६७७ सालच्या मार्च महिन्यात मात्स इस्राएल्सन नावाचा एक तरुण या खाणीत एकटाच उतरला आणि वर आला नाही. अंगाने दांडगा म्हणून लोक त्याला ‘फेट-मात्स’, म्हणजे लठ्ठ मात्स, म्हणत. मार्गारेटा ओल्सडॉटर या मुलीशी त्याची सोयरीक ठरलेली होती. खाण म्हटली की हे चालायचेच. काही दिवस हळहळ झाली असेल, आणि मग लोक आपापल्या कामाला लागले असतील.

१७१९ सालच्या डिसेंबरात खाणकामगार एक जुना, ढासळलेला, पाण्याने भरलेला भाग मोकळा करीत होते. त्या पाण्यात त्यांना एका तरुणाचे प्रेत सापडले. चेहरा ताजा, कातडी नरम. कालपरवाच अपघात झाला असावा, असेच कोणालाही वाटले असते. परंतु कालपरवा कोणी नाहीसे झालेले नव्हते. प्रेत वर आणून ठेवले. लोक येत, वाकून पाहत आणि मान हलवून निघून जात. हा कोण, ते कोणालाच सांगता येईना. अखेर एक म्हातारी आली. तिने पाहिले आणि ओळखले. ती मार्गारेटा होती.

हा चमत्कार घडला कसा, ते आधी सांगून टाकतो. त्या डोंगरातल्या पाण्यात गंधकाचे क्षार विपुल. आपल्याकडे ज्याला हिराकस आणि मोरचूद म्हणतात, ते क्षार त्या पाण्यात विरघळलेले होते. त्यांनी मात्सचे शरीर भिजवून, मुरवून जसेच्या तसे राखले. लोणचे मुरते तसे, असे म्हणणे या प्रसंगी शोभत नाही. पण क्रिया त्याच जातीची.

आता त्या दोघांमधले अंतर पाहा. ४२ वर्षे! मात्स खाली उतरला तेव्हा इकडे शिवाजीमहाराज दक्षिण दिग्विजयाच्या मोहिमेवर होते. पुढे महाराज गेले, संभाजीराजांचा वध झाला, १६८९ साली रायगड पडला, राजाराममहाराज गेले आणि १७०७ साली औरंगजेबही गेला. मात्स वर आला त्या १७१९ सालीच बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून सनदा घेऊन परतला आणि जवळजवळ ३० वर्षे मोगलांच्या कैदेत काढलेल्या येसूबाई स्वराज्यात पोचल्या. एवढा सगळा इतिहास मात्सच्या मिटल्या पापण्यांवरून वाहून गेला. खुद्द त्या खाणीतही काय थोडे घडले? १६८७ सालच्या जून महिन्यात, उन्हाळी सणाच्या सुट्टीत, खाणीतल्या मधल्या भिंती एकाएकी कोसळल्या आणि डोंगराच्या जागी एक अजस्र खड्डा उरला. सुट्टी असल्यामुळे एकही माणूस दगावला नाही. मात्स तेवढा आत होता. त्याला आता कसली इजा व्हायची!

मार्गारेटाने ही ४२ वर्षे एकेक दिवस करून काढली. एक दिवस तर तिच्या वाट्याला जगावेगळाच आला. स्वीडनने १७०० सालापासून जुने जूलियन पंचांग सोडून ग्रेगोरियन पंचांगाकडे हळूहळू सरकण्याचे ठरवले होते. दर चार वर्षांनी येणारा २९ फेब्रुवारी गाळत जायचे, अशी युक्ती. १७०० साली तो गाळला. पुढे युद्धाच्या धामधुमीत १७०४ आणि १७०८ साली गाळायचे राहून गेले. झाले, साऱ्या जगाशी मेळ तुटला. तेव्हा राजा बारावा चार्ल्स याने पुन्हा जुन्या पंचांगावर जाण्याचा हुकूम केला आणि हिशेब जुळवण्यासाठी १७१२ साली फेब्रुवारी ३० दिवसांचा केला. ३० फेब्रुवारी! वर्गात हे सांगितले तर मुले मास्तरांनाच वेड्यात काढतील. पण तो दिवस स्वीडनमध्ये उगवला आणि मावळला. मार्गारेटाने तो पाहिला, मात्सने नाही.

आणि मग ती त्याच्यासमोर उभी राहिली. माझे मन या क्षणापाशी वारंवार घुटमळते. त्या काळी फोटो नव्हता. साध्या खाणकामगाराचे चित्र कोण काढणार? मात्सचा चेहरा उरला होता तो जुन्या माणसांच्या आठवणीत. त्यातही ४२ वर्षांत नाक-डोळे पुसट होतात, आवाज आधी जातो. मागे राहते ती एक आकृती, आणि तीही आपण आपल्या सोयीने बदलत आलेली असतो. तो चेहरा एके दिवशी तसाच्या तसा पुढे यावा! दोघे एका वयाची म्हणून सोयरीक जुळली. आता ती त्याची आई, किंबहुना आजी शोभली असती. तिने त्याला ओळखले. त्याने डोळे उघडले असते, तर त्याने तिला ओळखले नसते.

पुढे जे झाले ते वाचून वाईट वाटते. मात्सला माती मिळाली नाही. माणसाचा दगड झाला म्हणून गवगवा झाला आणि त्याला काचेच्या पेटीत घालून खाणीच्या आवारात लोकांना दाखवण्यासाठी ठेवले. लांबलांबून माणसे येऊ लागली. १७३४ साली दालार्नाच्या प्रवासात थोर वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस आला. त्याने स्पष्ट सांगितले, की याचा दगडबिगड काही झालेला नाही. क्षारांचा लेप तेवढा आहे, आणि ते उडून गेले की हा कुजणार. तसेच झाले. (याच फालुन गावच्या डॉक्टरांची मुलगी लिनियसच्या मनात भरली. १७३५ साली वाङ्निश्चय झाला, पण भावी सासऱ्याने तीन वर्षे थांबण्याची अट घातली. लग्न लागले १७३९ साली. तीन-चार वर्षांचा तो विरह त्याला केवढा वाटला असेल! आणि त्याच गावात काचेआड मात्स.)

१७४९ साली अखेर मात्सला चर्चच्या जमिनीखाली पुरले, आणि मग पाळी आली लेखकांची. जर्मन पंडित शूबर्ट याने १८०८ साली आपल्या पुस्तकात ही हकिकत दिली, त्याबरोबर जर्मनीतले कवी आणि कथाकार तिच्यावर तुटून पडले. योहान पेटर हेबेल हा त्यांतला एक. हा गृहस्थ पेशाने शिक्षक, म्हणून माझा त्याच्याकडे थोडा ओढा आहे. आणि त्याची गोष्ट आली तीही एका घरगुती वार्षिकात, शेतकऱ्या-कामकऱ्यांनी घरी बसून वाचावे अशा. त्याची वाग्दत्ता लग्नासाठी नवऱ्याच्या गळपट्ट्याला तांबडी किनार शिवीत बसलेली असते. तो येत नाही. ५० वर्षांनी ती कुबडी टेकीत येते, त्याला घरी नेते, तो जपून ठेवलेला गळपट्टा त्याच्या गळ्यात बांधते आणि लग्नाला निघाल्यासारखी ठेवणीतले कपडे घालून त्याच्या अंत्ययात्रेला जाते. गोष्ट दोन-तीन पानांची. हॉफमनने १८१९ साली याच मजकुरावर लांबलचक कथा लिहिली. तिच्यात पाताळातली राणी आहे, रत्ने आहेत, वेड आहे. शेवटी म्हातारी उल्ला प्रेताला मिठी मारून प्राण सोडते आणि प्रेताची राख होते. पुढे वाग्नरने १८४२ साली यावर संगीतिकेचा आराखडा केला आणि १८९९ साली हॉफमान्स्थालने नाटक लिहिले.

हॉफमन मोठा लेखक, याबद्दल वाद नाही. पण नायिकेला शेवटच्या पानावर मारून टाकणे ही आम्हा कादंबरीवाल्यांची जुनी सोय आहे. उद्या ती काय करील, ही चिंता उरत नाही. हेबेलचे मला अधिक पटते. त्याने तिला जिवंत ठेवले आणि तिच्या पदरात एक अंत्यविधी घातला. खऱ्या फालुनने मार्गारेटाला तेवढेही दिले नव्हते. ती घरी परतली असेल, तेव्हा तिचा मात्स गावकऱ्यांच्या कुतूहलाचा विषय होऊन मागे राहिला होता. तिचे नाव मात्र दोघांनीही टाकले. हेबेलने तिला नावच दिले नाही, हॉफमनने उल्ला म्हटले. म्हणून मी या लेखात ते मुद्दाम पुन्हापुन्हा लिहिले आहे.

मात्सचे हाल अजून संपायचे होते. १८६० नंतरच्या दशकात चर्चची दुरुस्ती निघाली, फरशी उचकटली आणि तो पुन्हा वर आला. पुन्हा पेटी, पुन्हा प्रेक्षक. १९३० साली, खाणीत उतरल्यानंतर २५३ वर्षांनी, त्याला चर्चच्या आवारात कायमचे पुरले आणि वर दगड बसवला. खाण १९९२ सालच्या डिसेंबरात बंद झाली.