फॉन हावेनची हस्तलिखिते

हिब्रू बायबलमध्ये असे अनेक शब्द आहेत, की जे संपूर्ण ग्रंथात एकदाच येतात. त्यांचा अर्थ केवळ परंपरेच्या आधारे ठरविणे कठीण असते. हिब्रूची भगिनीभाषा अरबी जेथे बोलली जाते तेथे जाऊन हे अर्थ शोधावेत, असा विचार अठराव्या शतकाच्या मध्यास गॉटिंगेन विद्यापीठातील योहान डाव्हिड मिखाएलिस याने मांडला. डेन्मार्कचा राजा पाचवा फ्रेडरिक याने तो उचलून धरला आणि अरबस्तानच्या मोहिमेसाठी भाषाशास्त्रज्ञ म्हणून मिखाएलिसचा शिष्य फ्रेडरिक क्रिस्टियान फॉन हावेन याची निवड झाली.

1728 साली जन्मलेला हावेन धर्मशास्त्राचा अभ्यासक होता. मोहिमेच्या तयारीसाठी तो रोममध्ये अरबी शिकला. जानेवारी 1761 मध्ये कोपनहेगनहून निघालेल्या मंडळींत वनस्पतिशास्त्रज्ञ पेटर फोर्सकॉल, मोजणीतज्ज्ञ कार्स्टेन नीबूर, वैद्य क्रामर, चित्रकार बाउरेनफाइंड आणि एक सेवक होता. सर्वांचा दर्जा समान ठेवल्याने नेतृत्वाचा प्रश्न अनुत्तरित राहिला. हावेन आणि फोर्सकॉल यांचे वैर विकोपाला गेले. कॉन्स्टँटिनोपलमध्ये हावेनने सोमल विकत घेतल्याचे कळताच सहकाऱ्यांना जिवाची भीती वाटू लागली.

सप्टेंबर 1762 मधील सिनाईचा प्रवास ही त्याच्या कार्याची खरी कसोटी होती. तेथील शिलालेख उतरवून घ्यावेत आणि सेंट कॅथरिनच्या मठातील हस्तलिखिते पाहावीत, अशी अपेक्षा होती. आवश्यक शिफारसपत्र नसल्याने मठाचे दार उघडले नाही. पुढे एकोणिसाव्या शतकात याच मठातून टिशेनडोर्फने बायबलची प्राचीन ग्रीक प्रत प्रकाशात आणली, हे लक्षात घेतले म्हणजे त्या बंद दाराचे मोल कळते. 25 मे 1763 रोजी येमेनमधील मोखा येथे हावेन तापाने मरण पावला. त्याने वयाची पस्तिशीही गाठली नव्हती. फोर्सकॉल जुलैमध्ये, तर बाउरेनफाइंड आणि सेवक मुंबईच्या सागरी वाटेवर गेले. क्रामरचा अंत 1764 साली मुंबईतच झाला. घारापुरीच्या लेण्यांची रेखाटने करणारा नीबूर तेवढा 1767 साली मायदेशी परतला.

मोहिमेचा इतिहास साहजिकच नीबूरच्या ग्रंथांतून लिहिला गेला. 1962 साली थॉर्किल्ड हॅन्सेनच्या लोकप्रिय पुस्तकाने हावेनची आळशी, अहंमन्य अशी प्रतिमा पक्की केली. त्याची रोजनिशी मात्र 2005 साली प्रसिद्ध झाली आणि त्या प्रतिमेचा पुनर्विचार करणे भाग पडले.

त्याचे दोष खोटे ठरत नाहीत. परंतु कॉन्स्टँटिनोपल व कैरो येथे त्याने पारखून घेतलेली शंभराहून अधिक हस्तलिखिते कोपनहेगनच्या राजग्रंथालयात पोहोचली. त्यांत हिब्रू बायबलच्या मौल्यवान प्रती आहेत. अभ्यासकाचे मूल्यमापन त्याने लिहिलेल्या ग्रंथांवरून करण्याची आपली रीत आहे. हावेनने ग्रंथ लिहिला नाही, पण इतरांना लिहिता येतील याची सामग्री त्याने जमविली. सहप्रवाशांनी केलेला निवाडा हाच इतिहासाचा निवाडा मानणे कसे अपुरे असते, हे त्या संग्रहाने दाखवून दिले आहे.