पेटी म्हणजे प्रत नव्हे

जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक वाचकाला एक विनवणी लिहून ठेवत. तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका, असा तिचा आशय. घरात शेकडो चित्रपट डिजिटल रूपात साठवून बसलेल्या हौशी माणसाला यापेक्षा शहाणा सल्ला मला तरी सुचत नाही. पण त्याला आज चहूकडून मिळतो तो सल्ला वेगळाच आहे: घरच्या नेटवर्कला जोडायची चार डिस्कांची नॅस पेटी घ्या, तिच्यावर ‘रेड’, म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधण्याची पद्धत, लावा आणि निवांत झोपा.

हे मत आता जवळजवळ आप्तवाक्य झालं आहे. मला ते खोडायचं आहे. मात्र पूर्वपक्ष लुळा करून मांडला तर उत्तरपक्षाला शोभा येत नाही, म्हणून आधी तो त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो.

स्वतः विकत घेतलेल्या तबकड्यांवरून उतरवलेला चित्रपट डीव्हीडीचा असेल तर ढोबळमानाने ६ जीबी जागा खातो, ब्लू-रेचा ३० आणि फोर-केचा ६०. म्हणजे ५०० चित्रपटांना अनुक्रमे ३, १५ किंवा ३० टीबी लागतात. टेबलावर सुट्या डिस्क मांडत गेलं की वायरींचं जंजाळ होतं आणि कोणता चित्रपट कुठे आहे हे ध्यानात राहत नाही. शिवाय डिस्क ही फिरणारी वस्तू, कधी ना कधी बंद पडणारच. पेटीत ८ टीबीच्या चार डिस्क बसवून ‘रेड ५’ लावलं तर २४ टीबी वापरायला मिळतात. त्यातली एक डिस्क मेली तरी पेटी चालू राहते आणि नवी बसवली की हरवलेला मजकूर गणिताने भरून काढते. सगळ्याची दुसरी प्रत ठेवायची तर निम्मी जागा जाते, इथे पाव जाते. घरातल्या टीव्हीपासून मोबाईलपर्यंत सगळ्यांना एकच कपाट उघडं, आणि हे सगळं आपोआप.

यातलं एकही विधान खोटं नाही. खोटा आहे तो सल्ल्यातला एक शब्द: ‘निवांत’.

‘रेड’ हे नाव १९८८ सालच्या एका शोधनिबंधातून रूढ झालं. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ हे त्याचे लेखक. माहिती वर्षानुवर्षं कशी टिकवावी, हा त्यांचा प्रश्न नव्हता. मेनफ्रेमची एक अवाढव्य, महागडी डिस्क घेण्यापेक्षा पर्सनल कॉम्प्युटरसाठी बनणाऱ्या पुष्कळ छोट्या, स्वस्त डिस्क एकत्र जुंपून जास्त वेग मिळेल का, हा होता. मिळतो, पण डिस्क जितक्या जास्त तितकी त्यांतली एखादी बंद पडण्याची शक्यता जास्त. म्हणून थोडी पुनरुक्ती घालून ती उणीव भरायची. म्हणजे आपण जिला चिलखत समजतो ती मुळात अनेक डिस्क एकत्र बांधल्याने उद्भवणाऱ्या दुखण्यावरची मात्रा आहे.

त्या मात्रेचे दोन गुण, वेग आणि अखंड चालू राहणं. घरच्या चित्रपटांना यांतलं काय लागतं? फोर-के ब्लू-रेचा प्रवाह कमाल १२८ मेगाबिटचा, म्हणजे सेकंदाला १६ एमबी. आजची साधी एकटी डिस्क सलग वाचताना त्याच्या दहापट वेग सहज देते. राहिलं अखंडत्व. बँकेचा सर्व्हर दहा मिनिटं थांबला तर हाहाकार उडतो. आपल्या घरी रविवारी रात्री डिस्क गेली आणि चित्रपट बुधवारी पाहिला, तर कुणाचं काय बिघडतं? आपल्याला हवं आहे टिकणं, आणि पेटी विकते ते थांबू न देणं.

आता लेखनिकाच्या चार भयांवर पेटी घासून पाहू.

सैल बांधणी म्हणजे यंत्राचं मोडणं. इथे रेडला पुरते गुण द्यायला हवेत, ते याच कामासाठी जन्मलं आहे. उलट रेडविरोधी गोटात फिरणारा एक पोकळ युक्तिवाद मी आधी बाजूला सारतो. डिस्क बनवणारे ‘१ वर १४ शून्यं इतके बिट वाचताना फार तर एक चूक’ अशी हमी छापतात. हे बिट म्हणजे साडेबारा टीबी. त्यावरून काहीजण म्हणतात की मेलेली डिस्क भरून काढताना उरलेल्या तीन डिस्कांवरचे २४ टीबी वाचावे लागतात, तेव्हा ते काम फसणारच. पण ती हमी म्हणजे चुकांची कमाल मर्यादा, सरासरी नव्हे. आपल्या पेट्या दरमहा पूर्ण वाचून तपासणारे लोक चुकीविना वर्षं काढतात. खरी अडचण वेळेची आहे. १६ टीबीची डिस्क सेकंदाला २०० एमबी वेगाने भरायची म्हटली तरी २२ तास लागतात. तेवढा वेळ उरलेल्या डिस्क, बहुधा एकाच दिवशी घेतलेल्या आणि सारख्याच झिजलेल्या, आयुष्यातलं सर्वांत कष्टाचं काम करत असतात. त्यात दुसरी गेली की रेड ५ चा सगळा संच जातो, आणि उरलेल्यांतली एखादी डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून तिच्यावरचे चित्रपट वाचता येत नाहीत, कारण तिच्यावर फक्त तुकडे असतात.

दुसरं भय मूर्खाच्या हाताचं. मूर्ख कोणी परका असावा लागत नाही. माझ्या भाच्याने एकदा माझ्या पेटीतल्या दुबार फायली साफ करायला घेतल्या. ‘पिंजरा’ दोनदा दिसला, त्याने एक उडवला. शांतारामबापूंनी तो १९७२ मध्ये मराठीत आणि पुढच्या वर्षी हिंदीत केला, हे त्या पोराला काय ठाऊक? उडाला तो मराठी. आणि पेटीने मालकाचा हुकूम समजून तो चारही डिस्कांवरून इमानेइतबारे पुसला. रेडला बिघाड कळतो, पश्चात्ताप कळत नाही. माझ्या भाच्याला मोठी सोबत आहे. १९९८ मध्ये पिक्सारमध्ये कोणीतरी चालवलेल्या एका आज्ञेने ‘टॉय स्टोरी २’ चा बहुतेक भाग सर्व्हरवरून पुसला गेला आणि बॅकअप निकामी निघाले. चित्रपट वाचला तो तिथेच काम करणाऱ्या गॅलिन सुसमन यांच्या घरच्या संगणकामुळे. बाळंतपणानंतर त्या घरून काम करत होत्या, म्हणून तिथे एक प्रत होती. परक्याचा हात तर आणखी लांब पोचतो. २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने इंटरनेटला उघड्या असलेल्या क्यूनॅप कंपनीच्या नॅस पेट्या गाठून फायलींना कुलपं घातली. त्यांत किती डिस्क होत्या, याने काही फरक पडला नाही.

तिसरं पाणी. त्यात मी आग, वीज, चोरी, वरच्या मजल्यावरची गळकी टाकी, सगळं धरतो. चारही डिस्क एकाच पेटीत, एकाच वीजपुरवठ्यावर, एकाच फळीवर असतात. पुणेकरांना याचा दाखला लांब शोधायला नको. ८ जानेवारी २००३ रोजी फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फितींना आग लागली. ज्यांच्या प्रती आधीच सुरक्षित फितीवर उतरवून वेगळ्या ठेवल्या होत्या, ते चित्रपट त्या प्रतींमुळे उरले. ‘आलम आरा’ची तर आज एकही ज्ञात प्रत नाही. याउलट फ्रिट्झ लांगच्या १९२७ सालच्या ‘मेट्रोपोलिस’चा हरवलेला बराचसा भाग २००८ मध्ये थेट ब्युनोस आयरिसला, १६ मिलिमीटरच्या एका ओरखडलेल्या प्रतीत सापडला. ती प्रत कोणी फार निगुतीने जपली होती असं नव्हे. ती दुसरीकडे होती, एवढंच तिचं पुण्य.

चौथं तेल, आणि हे सगळ्यांत लबाड. तेल आवाज न करता पसरतं. डिस्कवरचे काही बिट बदलतात, चित्रपटाच्या मध्यावर चौकटी फुटतात, आणि कळतं ते पाच वर्षांनी पाहायला बसल्यावर. साधं रेड ५ रोजच्या वाचनात ताळा करत नाही. केला आणि जुळला नाही, तरी चूक कोणत्या डिस्कवर आहे हे त्याला एकट्याला सांगता येत नाही. झेडएफएस किंवा बीटीआरएफएस या फाईल-प्रणाली वापरणाऱ्या पेट्या प्रत्येक तुकड्याचा ताळा ठेवतात, त्या इथे सरस ठरतात हे मान्य. पण तो गुण ताळ्याचा, रेडचा नव्हे. आपले लेखनिकही पोथीअखेर ग्रंथसंख्या लिहीत. ३२ अक्षरांचा एक ग्रंथ धरून एकूण किती भरले ते नोंदवत, म्हणजे पुढच्या नकलेत गळती झाली तर उघडी पडावी. संगणकावर प्रत्येक फायलीची एसएचए-२५६ बेरीज काढून यादी ठेवणं ही तीच जुनी शिस्त.

हिशेब असा झाला: चार भयांपैकी रेड निवारतं एक.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला खर्चाचा. प्रत म्हणजे दुप्पट डिस्क. खरं आहे, पण रिकामी पेटी हीसुद्धा सहसा एका मोठ्या डिस्कइतकी तरी महाग असते, ते पैसे इथे वाचतात. आणि प्रत सगळ्याचीच कशाला हवी? संग्रहाचे दोन ढीग करा. जे उद्या पुन्हा विकत मिळेल, किंवा ज्याची तबकडी कपाटात आहे, त्याची नावांची यादी पुरे. जे पुन्हा मिळणार नाही ते वेगळं काढा: बाजारातून गेलेल्या मराठी चित्रपटांच्या व्हीसीडी, दूरदर्शनवरून टेप केलेलं नाटक, घरच्या लग्नाची कॅसेट. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, दोन-तीन तबकड्यांचा अख्खा चित्रपट दोन जीबीच्या आसपास. असे २०० म्हणजे ४०० जीबी. बहुतेक संग्रहांत जे अमोल असतं ते आकाराने लहान असतं, आणि जे अवाढव्य असतं ते दुकानात मिळतं. पेटी हा विवेक करत नाही, दोघांना एकच पहारा देते.

दुसरा आक्षेप क्लाउडचा. वीस टीबी १०० मेगाबिटच्या जोडणीवरून चढवायला अखंड साडेअठरा दिवस लागतात, आणि ते घर भाड्याचं. ॲमेझॉन ड्राइव्ह ही सेवा ३१ डिसेंबर २०२३ रोजी बंदच झाली. अमोल ढिगासाठी क्लाउड खुशाल वापरा, सगळ्यासाठी नको.

तिसरा आक्षेप खरा वजनदार आहे: पेटी विसरत नाही, माणूस विसरतो. हाताने प्रत काढायची म्हटलं की पहिले दोन महिने उत्साह, मग धूळ. इथे मी अर्धा नमतो. पण चित्रपटांचा संग्रह हा दुकानाच्या खतावणीसारखा तासातासाला बदलत नाही. त्यात भर पडते, बदल जवळजवळ होत नाही. म्हणून रोजची दक्षता लागत नाही, नेमलेला दिवस लागतो. खंडेनवमीला आपण अवजारं पुसून पुजतोच. त्या दिवशी डिस्क बाहेर काढाव्यात, नवं उतरवावं, ताळा पाहावा, आणि चार-पाच वर्षं जुनी झालेली डिस्क बदलावी. आणखी सोय हवी असेल तर स्नॅपरेड हा प्रोग्रॅम आहे. ते ताळा आणि भरपाईचं गणित रात्री एकदा करतं. तोवर पुसलेली फाईल परत मिळू शकते, आणि प्रत्येक डिस्क सुटी काढूनही वाचता येते. मोठ्या, न बदलणाऱ्या फायलींसाठीच ते बेतलं आहे.

तर सिद्धान्त एवढाच. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम, म्हणजे तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर, तो अमोल ढिगाला काटेकोर लावावा. उरलेल्याला जमेल तसा. हे झाल्यावर पैसे उरले आणि सगळ्या घराला एकच कपाट हवं असेल, तर पेटी जरूर घ्या. ती दिवाणखाना आहे, तिजोरी नव्हे. साठवण ही एकदा विकत घ्यायची वस्तू नाही, दरवर्षी पाळायचा कुळाचार आहे.

माझा ‘पिंजरा’ परत आला. साताऱ्याला ताईच्या कपाटात, साड्यांच्या मागे, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवलेल्या डिस्कवर तो होता, आणि ती डिस्क पुण्याला घेऊन आला तो तिचाच मुलगा, ज्याने तो उडवला होता. तेव्हा मला लेखनिकाची ती शेवटची, मूर्खाच्या हाताची अट नव्याने कळली. पोथी कुणाच्याच हाती द्यायची नसती, तर ही विनवणी लिहिण्याचं कारणच नव्हतं. ती दुसऱ्याच्या हाती जाणार, तिथे तिची नक्कल होणार, हे त्याने गृहीतच धरलं होतं.