दारावर आलेला प्रश्न

शितावरून भाताची परीक्षा ही म्हण आपल्या घराघरांत आहे. लोकमत-पाहणीचे सारे शास्त्र या एका म्हणीत आले. मात्र देग नीट ढवळलेली हवी. वरचे शीत चाखून तळाचा अंदाज येत नाही.

हा धडा जगाला १९३६ साली अमेरिकेत मिळाला. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे २४ लाख लोकांची उत्तरे गोळा करून अध्यक्षपदी लँडन निवडून येतील असे भाकीत केले. जॉर्ज गॅलप यांनी त्याहून फार थोड्या लोकांना विचारले व रूझवेल्ट यांचे नाव सांगितले. तेच खरे ठरले. साप्ताहिकाची भिस्त मोटारी व टेलिफोन असणाऱ्यांच्या याद्यांवर होती. त्यांत गरिबाचे मत पुरेसे आलेच नाही.

आरोग्याच्या बाबतीतही तसेच घडते. दवाखान्याच्या नोंदवहीत आलेला रोगी दिसतो, न आलेला दिसत नाही. तो का आला नाही, हे त्याच्या दारी जाऊनच विचारावे लागते. आपल्या देशात प्रा. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. १९५६ साली मुंबईत लोकसंख्याशास्त्राचे प्रशिक्षण व संशोधन केंद्र स्थापन झाले. तीच आजची देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था. तिच्या देखरेखीखाली १९९२-९३ मध्ये पहिले राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण झाले व विवाह झालेल्या ८९,७७७ स्त्रियांच्या मुलाखती घेण्यात आल्या.

२००५-०६ च्या तिसऱ्या सर्वेक्षणात सुमारे ६६ टक्के कुटुंबांनी आपण सहसा सरकारी दवाखान्यात जात नाही असे सांगितले. कारणे विचारता उत्तरे आली : उपचार चांगले नाहीत, जवळ सोय नाही, फार ताटकळावे लागते. हे प्रमाण २०१५-१६ मध्ये ५५ व २०१९-२१ मध्ये ५० टक्क्यांच्या आसपास आले.

आपल्या समाजाविषयी या पाहण्या काय सांगतात? २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात एक गोष्ट ठळकपणे आली : गरिबी असूनही मुस्लिम कुटुंबांतील बालमृत्यूचे प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा थोडे कमी होते. या समाजाला मुलांची पर्वा नाही, असे म्हणणाऱ्यांना याहून चांगले उत्तर कोणते? पण २००५-०६ च्याच सर्वेक्षणात सर्व लसी मिळालेल्या बालकांचे प्रमाण देशात सुमारे ४४ टक्के, तर मुस्लिमांत ३६ टक्के होते. पाहणी कोणाची स्तुती करीत नाही, कोणाची बदनामीही करीत नाही. पहिला आकडा अभिमानाने सांगणाऱ्याने दुसराही ऐकला पाहिजे.

पालकांना एवढीच विनंती, की पाहणी करणारी व्यक्ती दारी आली तर तिचे ओळखपत्र अवश्य पाहावे, शंका विचारावी, पण भीतीपोटी दार लावून घेऊ नये वा खोटे उत्तर देऊ नये. निवडलेले एक घर आपल्यासारख्या कित्येक घरांच्या वतीने बोलत असते. खरी साक्ष द्यावी ही आपल्या धर्माची शिकवणच आहे. दार लावलेल्या वस्तीची तक्रार अहवालात उतरत नाही, आणि जी तक्रार अहवालात नाही तिच्यासाठी दवाखाना मागणे कठीण जाते.

विद्यार्थ्यांनी तर याहून पुढे जावे. डॉक्टर, इंजिनियर व्हावेच. पण काहींनी संख्याशास्त्रही शिकावे. उत्तरे देणारे आपण आहोतच, प्रश्न तयार करणाऱ्यांतही आपली मुले-मुली असावीत.