सायकलीच्या आट्यांची कुळकथा

सायकलीचे हँडल, चाके, चेन ही सारी अंगे आपल्या डोळ्यांसमोर असतात. पण दोन पॅडलांच्या मधोमध, सांगाड्याच्या अगदी तळाशी एक आखूड आडवी नळी असते. तिच्या पोटात काय चालते, ते आपल्यापैकी फारच थोड्यांनी पाहिलेले असेल. मेकॅनिक मंडळी तिला बी.बी. म्हणतात, म्हणजे बॉटम ब्रॅकेट. आत एक एक्सल, दोन बाजूंना दोन पोलादी कप आणि त्यांत छर्रे. संसार काय तो एवढाच. पण पायांतली सगळी ताकद याच दाराने चाकाकडे जाते. हे दार खिळखिळं झालं, की पॅडल डगडगतं आणि चेन वारंवार उतरू लागते.

सोलापूरकरांना ही गोष्ट किरकोळ वाटणार नाही. १८७७ साली इथे पहिली कापडगिरणी निघाली. लोक तिला पुढे जुनी गिरणी म्हणू लागले. नंतर आणखी गिरण्या आल्या, पूर्व भागात माग वाढले, आणि विसाव्या शतकात सायकल हे कामकऱ्याचं हक्काचं वाहन झालं. भोंगा वाजायच्या आत पाळीवर पोचायचं ते सायकलवर, आणि सुताची गाठोडी नि चादरींचे गठ्ठे न्यायचे तेही तिच्याच कॅरियरवर. त्या मोठ्या गिरण्या आज राहिल्या नाहीत, पण पोट सायकलीवर अवलंबून असलेली माणसं अजून आहेत. अशा माणसाची सायकल चुकीच्या दुरुस्तीने कायमची निकामी झाली, तर त्याची मजुरी बुडते. म्हणून या लहानशा नळीचा इतिहास जाणून घेण्यासारखा आहे.

पूर्वीच्या उंच सायकलीला बी.बी. नव्हतीच. पॅडलं थेट पुढच्या चाकाला असत. छर्रे मात्र आधीच आले होते. १८६९ साली पॅरिसच्या ज्यूल सुरिरे याने सायकलीसाठी छर्ऱ्यांच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं, आणि त्याच वर्षी पॅरिस ते रुआँ ही शर्यत जेम्स मूर याने छर्ऱ्यांच्या सायकलीवर जिंकली. पुढे १८८५ मध्ये कॉव्हेन्ट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली याची रोव्हर सायकल आली. दोन्ही चाकं जवळजवळ सारखी, पॅडलं मध्यभागी आणि मागच्या चाकाला चेन. हीच घडण जगभर रुजली आणि तिच्याबरोबर बी.बी.सुद्धा घरोघर पोचली.

आता प्रश्न आला कप बसवण्याचा. कपाला बाहेरून आटे, नळीला आतून आटे. पण आटे कसले पाडायचे? इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्येच सर्वांनी एकच माप धरावं असा आग्रह मांडला होता. सायकलवाल्यांना ते शहाणपण यायला वेळ लागला. बर्मिंगहॅमची बी.एस.ए. ही मुळात बंदुका करणारी कंपनी. एका बंदुकीचा भाग दुसरीला बिनतक्रार बसलाच पाहिजे, ही शिस्त तिच्या अंगी मुरलेली. ती सायकलीचे सुटे भाग दुसऱ्या कारखान्यांनाही विकू लागली, आणि तिच्या मापाला मान मिळाला. व्यास १.३७ इंच आणि इंचाला २४ आटे, या मापाला आजही बी.एस.ए. आटे म्हणतात.

विणकरांच्या गावात इंचाचा हिशेब वेगळा समजावून द्यायला नको. फणीत इंचाला किती घरं हे चुकलं, की ताणा बसत नाही. इथंही तसंच. नॉटिंगहॅमच्या रॅलेने स्वतःच्या सायकलींना इंचाला २६ आटे ठेवले. फ्रेंचांनी ३५ मिलिमीटर व्यास आणि एक मिलिमीटरचा आटा धरला, इटालियनांनी ३६ मिलिमीटर. चोवीस आट्यांचा कप रॅलेच्या नळीत धरला, तर पहिला वेढा जातो, मग अडतो. आणि नेमका इथंच घात होतो! 'थोडा घट्ट आहे' म्हणून लांब पाना लावून जोर केला, की नळीचे आटे कापले जातात. कप दहा मिळतील. फ्रेम एकच असते.

उजव्या कपाची आणखी एक गंमत आहे. इंग्रजी मापात त्याचे आटे उलटे असतात. एक्सल आपल्याबरोबर कपालाही ओढत नेईल, असं कुणालाही वाटेल. घडतं मात्र उलट. घरी करून पाहा. रुंद डब्यात थोडा लहान पेला ठेवा आणि डब्याच्या भिंतीला टेकवून घड्याळाच्या दिशेने गोल लोळवा. पेला स्वतःभोवती विरुद्ध दिशेने फिरेल. नळीत जरासा सैल असलेला कपही भाराखाली असाच हळूहळू सरकतो. आटे सुलटे असते तर उजवा कप चालता चालता सुटला असता. फ्रेंच आणि इटालियन सायकलींत दोन्हीकडे आटे सुलटेच असल्याने तो फार घट्ट आवळावा लागतो. पॅडलांत मात्र उलटे आटे डाव्या बाजूला असतात. हा फरक विसरून पुष्कळ पाने मोडले आहेत.

आपल्याकडे स्वातंत्र्याच्या आधीच मुंबईत हिंद सायकल्सचा कारखाना होता. १९४९ मध्ये मद्रासेत टी.आय. सायकल्स, १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलस आणि १९५६ मध्ये लुधियान्याला हीरो सायकल्स निघाली. आसनसोलला सेन-रॅले उभी राहिली. म्हणून आडगावच्या बाजारातही विलायती आणि देशी सायकली शेजारी शेजारी दिसत, आणि दुकानदाराला दोहोंची कुळी ओळखावी लागे.

तुम्हांला आज नवी बी.बी. घ्यायची असेल, तर क्रम असा ठेवा. जुना एक्सल आणि दोन्ही कप पुसून दुकानात न्या. कपावर माप कोरलेलं असतं का पाहा. नळीची रुंदी मोजा. इंग्रजी मापात ती बहुधा ६८ मिलिमीटर भरते, काही सायकलींत ७३. क्रँक कॉटर पिनेचा आहे की चौकोनी टोकाचा, ते बघा. एक्सलची लांबी जुन्याइतकीच घ्या, नाहीतर चेन तिरकी चालेल. उजवा कप सोडवायचा तर घड्याळाच्या दिशेने. आणि नवा कप पहिले काही वेढे नुसत्या बोटांनी गेला पाहिजे. नाही गेला, तर थांबा. तो तुमच्या सायकलीचा नव्हे.

या शतकात काही कारखान्यांनी आटेच काढून टाकले आणि बेअरिंग नळीत दाबून बसवू लागले. पुष्कळांच्या तक्रारी झाल्या, कुरकुर ऐकू येऊ लागली, आणि त्यांतले बरेचजण पुन्हा आट्यांकडे वळले. आज बंद डबीसारखी मिळणारी नवी बेअरिंगसुद्धा त्याच १.३७ इंच, २४ आट्यांच्या मापात मिळते. म्हणजे आजोबांच्या काळच्या बी.एस.ए. मापाच्या सायकलीत आजचा भाग बसू शकतो. माप पाळणाऱ्या कारागिरांनी शंभर वर्षांपूर्वी केलेला हा उपकार आहे, आणि तो आपल्या हातून एका पान्याच्या झटक्यात वाया जाऊ नये, एवढंच सांगायचं.