रमाबाईंची आठ वर्षे

मांजर मारले तर सोन्याचे मांजर करून काशीला न्यावे लागते, असे आमच्या उंद्रीत लहानपणी ऐकले होते. किती तोळ्यांचे, असे विचारले आणि मोठ्यांची बोलणी खाल्ली. प्रश्न मात्र अगदीच गैर नव्हता. प्रायश्चित्ताला माप असते आणि तीच त्याची सोय आहे. माप भरले की पाप फिटले. पंडिता रमाबाईंनी १९०७ साली इंग्रजीत लिहिलेले आत्मनिवेदन वर्गात समजावून सांगताना हे मांजर मला हमखास आठवते.

माप भरणे म्हणजे काय, हे रमाबाईंनी जवळून पाहिले होते. दुष्काळाच्या दिवसांत अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या या कुटुंबाने होते नव्हते ते तीर्थयात्रा, दानधर्म आणि अनुष्ठाने यांत घातले. आईवडील गेले, थोरली बहीण गेली. उरलेली दोन भावंडे १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली, तोवर त्यांची श्रद्धा खचलेली होती.

१८८३ साली रमाबाई इंग्लंडात गेल्या. वाँटेजच्या भगिनीसंघाचे लंडनमधील फुलम येथे एक आश्रयगृह होते. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना तेथे मायेने वागवले जात असलेले त्यांनी पाहिले. अशा स्त्रियांना आपल्या धर्मशास्त्राने सांगितलेले दंड त्यांना पाठ होते. असे वागण्याचे कारण त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

धर्मांतराची चर्चा बहुधा येथेच थांबते. रमाबाई स्वतः मात्र थांबत नाहीत. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडलेला नाही. पापाचे ओझे उतरलेच नव्हते. मला याचा उलगडा असा होतो: फुलमला त्यांना इतरांची क्षमा पटली होती, स्वतःची नव्हे. दुसऱ्याला मिळालेली क्षमा बुद्धीने समजते. स्वतःची घ्यायला रिकाम्या हातांनी उभे राहावे लागते. ज्यांना कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हटले, त्यांचे हात रिकामे कसे असणार? सिस्टर जेराल्डीनशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार पाहावा. प्रत्येक सिद्धांत त्या तपासून घेतात, अडतात, वाद घालतात. (सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी त्याच वर्षी इंग्लंडात आत्महत्या केली होती. त्या मृत्यूचे ओझे रमाबाईंवर किती होते, याचा तर्क करण्याचा मोह मी टाळतो.)

नोव्हेंबर १८९० मध्ये शारदासदन मुंबईहून पुण्यास आले. त्याआधीच्याच महिन्यात पंचहौद मिशनमधील चहाने पुणे ढवळून निघाले होते. या मिशनमध्ये वाँटेजच्याच भगिनी काम करीत, हा योगायोग. चहाचे पाप प्रायश्चित्ताने फिटले. टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे दाखवले, तर न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली ते पुण्यातच घेतले. रानड्यांना अपराध वाटत नव्हता, तरी माप भरावे लागले. त्याच पुण्यात रमाबाईंना अपराध वाटत होता आणि भरायला माप नव्हते.

१८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. हा गृहस्थ अनेक वर्षे पाद्री असूनही आतून कोरडा होता, आणि १८५१ साली स्वतःच्याच व्यासपीठावर प्रवचन देता देता पालटला! आपलेही तेच झाले आहे, हे रमाबाईंनी ओळखले. विधी, पश्चात्ताप, अभ्यास यांपैकी काहीही किंमत म्हणून पुढे करायचे नाही. दिलेली क्षमा फक्त घ्यायची, एवढेच त्यांनी केले. ‘एवढेच’ म्हणायला आठ वर्षे लागली.

एक आक्षेप नोंदवतो. मापाविना मिळणारी कृपा आपल्या संतांनाही ठाऊक होती. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे रेव्हरंड ना. वा. टिळक सांगत. रमाबाईंच्या आत्मनिवेदनात हा पूल दिसत नाही. त्या संस्कृत पुराणांच्या वाटेने वाढल्या, म्हणून असेल.

ओझे उतरल्यावर त्या स्वस्थ बसल्या नाहीत. सदनातील मुली त्यांच्या प्रार्थनेस बसू लागल्याचा गवगवा झाला आणि १८९३ साली रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंनी प्रार्थनेचे दार लावून घेतले नाही. पुढे केडगावात, मुक्तिसदनाच्या जोडीने, ‘पतित’ म्हटल्या जाणाऱ्या स्त्रियांसाठी फुलमसारखेच एक घर त्यांनी उभे केले. त्याला त्यांनी कृपासदन हे नाव दिले.