दलाक्र्वाच्या वहीतला मोरोक्को

फ्रेंच चित्रकार अझेन दलाक्र्वाने १८२७ साली ‘सार्डानापालसचा मृत्यू’ हे भलेमोठे चित्र रंगवले. मरायला निघालेला विलासी राजा आणि त्याच्या हुकमाने मारल्या जाणाऱ्या दासी. तोवर त्याने पूर्वेकडचा एकही देश पाहिला नव्हता. बायरनचे नाटक आणि ऐकीव कथा एवढ्यावर त्याचा ‘पूर्व’ उभा होता.

पाच वर्षांनी त्याला मुसलमानांचा मुलूख प्रत्यक्ष दिसला. १८३० साली फ्रान्सने अल्जियर्स बळकावले होते. शेजारच्या मोरोक्कोच्या सुलतानाशी बोलणी करायला काउंट द मोर्नेचे शिष्टमंडळ निघाले. त्यात दलाक्र्वाही होता. जानेवारी १८३२मध्ये तो तांजियरला उतरला.

तिथे त्याला उसंत नव्हती. मेकनेसपर्यंतचा प्रवास घोड्यावरून होता. बाजारात अनेकांना आपले चित्र काढलेले रुचत नसे. म्हणून तो छोट्या वहीत चार-सहा रेषांत माणूस पकडी आणि रंग भरायला वेळ नसला की शेजारी रंगाचे नाव लिहून ठेवी. या घाईत कल्पनेला फारसा वाव नव्हता. समोर दिसेल तेवढेच कागदावर येई. वहीत आले ते दरवाजे, खोगिरे, अंगरख्यांच्या चुण्या आणि आपापल्या कामात असलेली माणसे. या माणसांचा रुबाब पाहून पत्रांतून त्याने त्यांची तुलना प्राचीन रोमनांशी केली.

२२ मार्चला मेकनेसमध्ये सुलतान अब्दुर्रहमान यांची भेट झाली. ते घोड्यावर होते, डोक्यावर छत्र होते. त्या प्रसंगाचे मोठे चित्र दलाक्र्वाने १८४५मध्ये पूर्ण केले. सुरुवातीच्या आराखड्यात फ्रेंच पाहुणे होते. अंतिम चित्रात ते नाहीत. मधल्या काळात, १८४४ साली, फ्रेंच फौजेने इस्लीच्या लढाईत मोरोक्कोचा पराभव केला होता. तरीही हरलेला सुलतान चित्रात ताठ बसला आहे.

पुढे १८५५च्या प्रदर्शनासाठी दलाक्र्वाने सिंहाच्या शिकारीचे चित्र काढले. सिंहांचा अभ्यास त्याने पॅरिसच्या प्राणिबागेत केला होता. स्टुडिओत निवांत वेळ मिळाला, तशी जुनी कल्पनाही परतली.

युरोपीय चित्रांमध्ये मुसलमान पाहताना म्हणूनच एक प्रश्न विचारावा : चित्रकार त्या माणसासमोर उभा होता का? आणि उभा असला, तर कोणाच्या शिष्टमंडळातून आला होता? दलाक्र्वाच्या वह्या वाचताना दोन्ही प्रश्न सोबत ठेवावे लागतात.