आठवीचा निकाल

* आठवीचा निकाल : केनियात १९८५ पासून ८-४-४ ही शिक्षणरचना होती : आठ वर्षे प्राथमिक, चार माध्यमिक आणि चार विद्यापीठाची. आठवीच्या शेवटी देशभर एकच परीक्षा होई. मूल राष्ट्रीय दर्जाच्या नामांकित शाळेत जाणार की घराजवळच्या साध्या शाळेत, हे तिच्यातल्या गुणांवर ठरे. तिथले शालेय वर्ष जानेवारीत सुरू होते. त्यामुळे निकाल हाती पडला की घरात लगेच पैशांची जुळवाजुळव सुरू होई. बऱ्याच माध्यमिक शाळा निवासी. फीशिवाय गादी, ब्लँकेट, गणवेश आणि कुलूप लावायची पत्र्याची पेटी घरूनच न्यावी लागे. त्यासाठी गाय किंवा बकऱ्या विकणे, नाहीतर नातेवाईक-शेजाऱ्यांनी जमून वर्गणी काढणे, हे रूढ मार्ग. अशा वर्गणीला तिथे ‘हरांबे’ म्हणतात. १९६३ मधील स्वातंत्र्यानंतर कित्येक माध्यमिक शाळाही तिच्यातूनच उभ्या राहिल्या. जानेवारी २००३ मध्ये म्वाई किबाकी सरकारने सरकारी प्राथमिक शाळांतील फी रद्द केली आणि पटसंख्या सुमारे १३ लाखांनी वाढली. निवासी माध्यमिक शाळांचा खर्च मात्र पालकांच्याच माथी राहिला. २०१७ पासून नवी रचना टप्प्याटप्प्याने आली आणि आठवीची ही परीक्षा २०२३ मध्ये शेवटची झाली. — संपादक